पहिला प्रश्न फोनला, दुसरा तुम्हाला

वाचकाचं पत्र:

«मी इंदूरला सुदामा नगरात राहते, वय ४१. मराठी सणवार, व्रतं, तिथी आणि आपल्याकडचे पदार्थ यांची वेबसाइट मी २०१७ साली सुरू केली. २०१९ पासून ॲडसेन्सच्या, म्हणजे गूगल माझ्या साइटवर लावतं त्या जाहिरातींचे पैसे येतात. श्रावण-भाद्रपदात महिन्याला १८-२० हजार, एरवी ९-१०. यंदा श्रावणातसुद्धा ११ च्या वर गेलं नाही. माझे सासरे ७४ वर्षांचे आहेत, आम्ही त्यांना नाना म्हणतो. ते रोज सकाळी फोनला विचारतात, ‘आज तिथी कोणती?’ फोन बोलून सांगतो. सुनेची साइट त्यांनी वर्षभरात उघडलेली नाही. मुलगा म्हणतो, आई, आता सगळे बोलूनच विचारणार, जाहिरात बघणार कोण? यजमान म्हणतात, बंद कर. एका सीएंच्या ऑफिसात १६ हजारांची जागा आहे, ती धर. आणि एक जण म्हणतोय, ४५ हजार द्या, तुमची साइट व्हॉइस सर्चसाठी, म्हणजे बोलून केलेल्या शोधासाठी तयार करून देतो, पहिला नंबर हमखास. मी काय करू?
— पंचांगवाली, इंदूर»

प्रिय ताई,

ते ४५ हजार देऊ नका. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आधी सांगते, कारण असा माणूस एकदा मागे लागला की उत्तराची वाट बघू देत नाही. शोधात पहिला नंबर कुणीही हमखास देऊ शकत नाही, हे खुद्द गूगलने आपल्या मार्गदर्शक पानांवर लिहून ठेवलंय. आणि समजा, मिळाला पहिला नंबर. फोनने तुमच्याच पानावरचं वाक्य नानांना वाचून दाखवलं. त्यातून तुम्हाला एक पैसाही मिळत नाही. चार महिन्यांची कमाई द्यायची, तीही अशा जागेसाठी जिथून परत काही यायचंच नाही!

पैसे का मिळत नाहीत ते नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच उभे आहेत. मी बावीस वर्षं एका वर्तमानपत्राच्या जाहिरात विभागात काम केलं. दुकानदाराला मी एकच सांगायचे, माणूस बातमी वाचायला येतो आणि जाताजाता तुमच्या चौकटीवर नजर टाकतो, त्या नजरेचे पैसे तुम्ही आम्हाला देता. इंटरनेटवर वेगळं काही झालं नाही. गूगलने २००० साली शोधाच्या निकालांशेजारी जाहिराती विकायला घेतल्या आणि २००३ मध्ये ॲडसेन्स आणून त्याच जाहिराती तुमच्या-माझ्यासारख्यांच्या पानांवर नेल्या. गूगलकडून येणाऱ्या जाहिरातीच्या रकमेतले साधारण ६८ टक्के पानाच्या मालकाला मिळतात. पूर्वी मुख्यतः क्लिकचे पैसे मिळत, २०२४ च्या सुरुवातीपासून जाहिरात नुसती दिसली की हिशोब होतो. हिंदी पानांसाठी ॲडसेन्सची सोय २०१४ च्या अखेरीला आली, मराठीसाठी २०१८ साली. तुम्हाला २०१९ पासून पैसे येऊ लागले ते यामुळेच.

म्हणजे तुमचा प्रत्येक रुपया एका गोष्टीवर टेकलेला आहे: कुणीतरी पान उघडलं पाहिजे. पान उघडलं की जाहिरातीची जागा तयार होते, त्या जागेसाठी क्षणभरात बोली लागते, आणि जास्त बोलीचा जाहिरातदार तिथे दिसतो. नाना सकाळी चहा घेता घेता विचारतात, फोन सांगतो, नाना मान डोलावतात. पान उघडलंच नाही, जागा झालीच नाही, बोली लागलीच नाही. नानांवर रागावू नका. सकाळी चष्मा शोधण्यापेक्षा विचारणं सोपं आहे, आणि ७४ व्या वर्षी माणसाला ही सोय मिळाली याचा मला आनंदच वाटतो.

आता मुलाचं म्हणणं. तो अर्धा बरोबर आहे. बोलून विचारणं आणि न बघता ऐकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्याने त्या एकत्र केल्यात. आपल्याकडे बहुतेक लोक बोलतात ते फोनशी. मराठीत टाइप करायचा कंटाळा येतो म्हणून माइकचं चिन्ह दाबतात, ‘भुट्ट्याचा कीस कसा करायचा’ म्हणतात, आणि मग पडद्यावर आलेली यादी डोळ्यांनीच बघतात. गूगलने २०१७ साली मराठीत बोलून टाइप करण्याची सोय दिली, तेव्हापासून तुमच्या साइटवर असे कितीतरी वाचक आले असतील जे एरवी आलेच नसते. या लोकांनी तुमचं उत्पन्न वाढवलं आहे. कमी करतो तो पडद्याकडे न बघणारा.

आणि ‘सगळे बोलूनच विचारणार’ हे भाकीत जुनं आहे. बायदू या चिनी कंपनीत तेव्हा असलेले अँड्र्यू इंग यांनी २०१४ मध्ये अंदाज केला होता, की पाच वर्षांत निम्मे शोध आवाजातून किंवा चित्रांतून होतील. पुढे त्यातली चित्रं गळून पडली आणि ‘२०२० पर्यंत निम्मे शोध आवाजाने’ एवढंच वाक्य फिरत राहिलं. २०२० आलं आणि गेलं, तसं काही झालं नाही. तुम्हाला ४५ हजार मागणाऱ्याच्या तोंडी हे वाक्य असणारच, त्याला त्याचा उगम विचारून बघा.

आवाजात जाहिरात बसवणं मोठ्यांनाही सोपं गेलेलं नाही. २०१७ च्या मार्चमध्ये अमेरिकेत गूगलच्या बोलून उत्तरं देणाऱ्या घरगुती स्पीकरने सकाळची माहिती सांगता सांगता एका नव्या चित्रपटाचा उल्लेख केला. लोक इतके चिडले की तो काढून टाकावा लागला. पुढच्याच महिन्यात एका बर्गर कंपनीने टीव्हीवरच्या जाहिरातीत मुद्दाम असा प्रश्न घातला, की तो ऐकून घरोघरचे स्पीकर जागे होऊन विकिपीडिया वाचू लागले. काही तासांत गूगलने ते बंद पाडलं. ॲमेझॉनचे बोलके स्पीकर ज्या विभागात येतात, त्याला २०१७ ते २०२१ या काळात २५ अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाल्याचं ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने २०२४ मध्ये छापलं. घरात शिरलेला आवाज लोकांना आवडतो, पण त्या आवाजाने काही विकायला घेतलेलं चालत नाही.

तुम्ही म्हणाल, मग रेडिओवर जाहिराती कशा चालल्या? विविध भारतीने १९६७ पासून जाहिराती घेतल्या आणि आम्ही त्या गाण्यांसारख्या पाठ केल्या. फरक असा, की रेडिओ ऐकणारा निवांत बसलेला असायचा. त्याने काही विचारलेलं नसायचं. ज्याने प्रश्न विचारलाय त्याला उत्तर हवं असतं, आणि उत्तराआधी आलेला एक शब्दही त्याला खुपतो. डोळ्याला दहा गोष्टी एकदम दिसतात, नको त्या तो सोडून देतो. कानापुढे एका वेळी एकच गोष्ट येते, तिला वगळून पुढे जाता येत नाही. हे लक्षात ठेवा, तुमच्या कामाचं आहे, पुढे परत येते त्यावर.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गूगलचं उत्पन्न आणि तुमचं उत्पन्न एकाच वाटेने वाढेल किंवा घटेल असं समजू नका. गूगलची मालक कंपनी अल्फाबेट हिला २०२४ मध्ये सुमारे ३५० अब्ज डॉलर मिळाले, त्यातले २६४ अब्जांहून अधिक जाहिरातींचे, आणि त्यातही १९८ अब्ज शोध वगैरे सेवांमधले. एवढं सोडून ती कंपनी गप्प बसणार नाही. पडद्यावरच्या उत्तरांत, सारांशांत ती जाहिरातींची जागा काढेलच. कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले सारांश आपल्याकडे ऑगस्ट २०२४ पासून दिसू लागले, आणि अमेरिकेत त्यांच्यात जाहिरातीही त्याच वर्षी आल्या. पण त्या जाहिराती गूगलच्या पानावरच्या, त्यांतला वाटा ॲडसेन्सवाल्याला मिळत नाही. पूर्वी वाचक गूगलच्या दारातून तुमच्या घरी यायचा. आता तो दारातच उत्तर घेऊन परत जातो. गूगल श्रीमंतच राहील आणि तरीही तुमचा श्रावण कोरडा जाऊ शकतो.

म्हणून मला शंका आहे, की तुमची घट नुसत्या आवाजामुळे झालेली नाही. हे तपासता येतं, आणि फुकट. गूगलचं सर्च कन्सोल उघडा, साइटच्या मालकाला शोधातले आकडे दाखवणारं ते साधन आहे. बोलून केलेले शोध तिथे वेगळे दाखवत नाहीत, पण दोन आकडे शेजारीशेजारी दिसतात: तुमचं पान निकालांत किती वेळा दिसलं आणि त्यावर किती जण आले. गेल्या श्रावणाची यंदाच्या श्रावणाशी तुलना करा. इंग्रजी तारखा नका धरू, श्रावण दर वर्षी सरकतो हे तुम्हाला मी काय सांगायचं! दिसणं तेवढंच आणि येणारे कमी, तर उत्तर गूगलच्या पानावरच दिलं जातंय. दिसणंच कमी झालं असेल, तर कारण दुसरं आहे: कुणी चांगली साइट काढली असेल, तुमची पानं सावकाश उघडत असतील. हीच तुलना पानागणिक करा. माझा अंदाज आहे, ‘आजची तिथी’, ‘एकादशी कधी’ ही पानं खाली गेली असतील आणि व्रतांची, पदार्थांची पानं त्या मानाने टिकली असतील.

‘आजची तिथी’ हे पान मनातून सोडून द्या. ज्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत मावतं, तो प्रश्न आता फोनचा. त्याच्या जिवावर घर चालवायचं नाही.

पण ताई, तुमच्याकडे जे आहे ते एका ओळीत मावत नाही, आणि यजमान बंद कर म्हणतात तेव्हा त्यांना हे दिसत नसावं. आमच्या कॉलनीत पुण्याहून एक नवी सून आली. तिने फोनला विचारलं, वटसावित्री कधी. फोनने तारीख सांगितली. बिचारी आंबे, सूत, ओटीचं सामान घेऊन वडाखाली गेली. तिथे सगळ्या हिंदी शेजारणी. तिने मनोभावे पूजा केली, घरी आली आणि सासूबाईंनी विचारलं, अगं, पौर्णिमेला अजून पंधरा दिवस आहेत, तू कुठे जाऊन आलीस? फोन तसा चुकला नव्हता. त्याने इथल्या बहुसंख्य घरांचं उत्तर दिलं. इकडे वटसावित्री अमावास्येची, आपली पौर्णिमेची. पंधरा दिवसांनी पोरगी परत गेली, तेव्हा वडाखाली आपल्या बायका होत्या.

इंदूर, ग्वाल्हेर, उज्जैन, देवास इथल्या प्रत्येक मराठी घराचा हा प्रश्न आहे. आपला महिना अमावास्येला संपतो, इथल्या हिंदी पंचांगाचा पौर्णिमेला. शेजारच्या घरी श्रावण लागतो तेव्हा आपल्याकडे आषाढाचा वद्य पक्ष चाललेला असतो. श्रावणी सोमवार त्यांचा पहिला कोणता आणि आपला कोणता, यावरून दर वर्षी घराघरांत बोलणं होतं. अधिक महिना आला की गुंता आणखी वाढतो. २०२६ साली ज्येष्ठ अधिक, त्यामुळे अमावास्येची वटसावित्री १६ मे रोजी आणि आपली वटपौर्णिमा २९ जूनला. नेहमीचं पंधरा दिवसांचं अंतर थेट दीड महिन्याचं! हे समजावून सांगायला पान लागतं, आणि ते पान लिहिणारी व्यक्ती इथेच राहणारी लागते.

संकष्टीचंही तसंच. भिंतीवरच्या मराठी दिनदर्शिकेत चंद्रोदयाची मुख्य वेळ बहुधा मुंबईची असते. मुंबई आणि इंदूर यांच्या रेखांशांत जवळजवळ ३ अंशांचा फरक, म्हणजे आपल्याकडे चंद्र साधारण १२ मिनिटं आधी. त्यात अक्षांशामुळे आणि चंद्राच्या जागेमुळे दर महिन्याला थोडं कमी-जास्त होतं. ही वेळ फोन सांगेल, आणि बरोबरही सांगेल. पण भाद्रपदात आकाश भरून आलेलं असताना चंद्र दिसलाच नाही तर उपास कसा सोडायचा, घरात सोयर असेल तर काय, मधुमेहाची गोळी घ्यायची असेल तर काय, हे माणसाला त्यानंतर सुचतं. वेळ हा पहिला प्रश्न. तुमची पानं या दुसऱ्या प्रश्नासाठी लिहा. पहिल्याचं उत्तर वरती एका ओळीत स्वच्छ देऊन टाका, लोक बोलतात तशाच भाषेत: ‘इंदूरला आज चंद्रोदय किती वाजता?’ फोनने ते उचललं तर उचलू दे. खाली दुसरा, तिसरा, चौथा प्रश्न असू देत. ४५ हजारांत तो माणूस तुम्हाला याहून वेगळं काही करून देणार नव्हता.

पदार्थांबद्दल मी जास्त सांगत नाही, तिथे तुम्ही माझ्यापेक्षा जाणत्या आहात. एवढंच, की हात पिठात असतात तेव्हा बाई कृती ऐकते, पण अनारशाची जाळी कशी दिसायला हवी ते ऐकून कळत नाही. तिथे फोटो घाला, चार घाला.

पैशांकडे वळते. ॲडसेन्स चालू ठेवा, पण तेवढ्यावर विसंबू नका. मराठी पानांना इंग्रजीच्या मानाने दर कमीच मिळतो आणि त्यावर तुमचा काही इलाज नाही. त्यापेक्षा राजवाड्याच्या आसपासचं पूजासाहित्याचं दुकान, मोदकांच्या ऑर्डरी घेणाऱ्या बायका, शाडूच्या गणपतीवाले, मुंजी-लग्नांची कामं घेणारे आपले केटरर यांच्याकडे स्वतः जा. त्यांना सगळ्या महाराष्ट्रातले वाचक नकोच आहेत, त्यांना इंदूरची हजार मराठी घरं हवी आहेत, आणि ती तुमच्याकडे आहेत. महिना हजार रुपये देणारे सहा जण मिळाले तरी यंदाच्या श्रावणातला तुमचा बराचसा खड्डा भरतो. ही बोली गूगल लावत नाही, तुम्ही लावता. मी हे काम वर्षानुवर्षं केलंय, पहिल्या तीन दुकानांत नकार मिळतो, चौथ्यात माणूस पाणी विचारतो आणि बसवून घेतो. जाताना वाचकसंख्येचा छापील कागद न्या. दुकानदाराला पडद्यावरचा आकडा पटत नाही, कागद पटतो.

आणि आवाज. त्याला शत्रू कशाला मानायचं? व्हॉट्सॲपवर रोज सकाळी मिनिटभराचं ‘इंदूरचं मराठी पंचांग’ पाठवा. वाचायला नानांना बसवा. ज्यांना तिथीची इतकी आस आहे त्यांच्या तोंडून ती ऐकायला घरोघरच्या आज्या-आजोबांना आवडेल. सुरुवातीला एक वाक्य, ‘आजचं पंचांग अमुक दुकानाच्या सौजन्याने’. रेडिओचं सांगितलं ते इथे लागू पडतं: हा श्रोता प्रश्न विचारून खोळंबलेला नाही, ऐकायला बसलेला आहे. मात्र ती जाहिरात आहे हे स्पष्ट कळू द्या, आणि तिथी-मुहूर्तात दुकानदाराची सोय कधीही मिसळू नका. ‘या दिवशी खरेदी शुभ’ असं पैसे घेऊन सांगितलं की तुमच्याकडे विकायला काही उरणार नाही.

आता नोकरी. माझं मत स्पष्ट आहे: जागा धरा. १६ हजार दर महिन्याला येणारे आहेत, आणि ॲडसेन्सचे १०० डॉलर साठल्याशिवाय पैसे हातात पडत नाहीत, हे तुम्ही कोरड्या महिन्यांत अनुभवलं असेल. घरखर्च सणांवर अवलंबून राहिला की माणूस घाईने लिहू लागतो, नको ते मथळे देऊ लागतो. पण एक अडचण आत्ताच बघून ठेवा. सीएंच्या ऑफिसात जुलैअखेर विवरणपत्रांची आणि सप्टेंबरअखेर ऑडिटची धांदल असते, म्हणजे नेमके तुमचे आषाढ, श्रावण, भाद्रपद. पंचांग आधीच ठाऊक असतं, तेव्हा एप्रिल ते जूनमध्ये पुढच्या सहा महिन्यांची पानं लिहून तयार ठेवा, आणि गणपतीचे दोन दिवस रजा मिळेल का हे रुजू होण्याआधीच बोलून घ्या. यजमानांना सांगा, नोकरीचं तुमचं ऐकलं, साइट मात्र चालू राहील.

आठवडाभर एक काम करा. सकाळी नानांशेजारी वही घेऊन बसा. फोनने तिथी सांगितली की नाना पुढे काय म्हणतात ते लिहून घ्या. ‘मग आज कांदा चालेल का?’, ‘मग श्राद्ध उद्या धरायचं की आज?’ जे काही असेल ते, त्यांच्याच शब्दांत. सात दिवसांत पंधरा-वीस प्रश्न होतील, तेवढी तुमची पुढची पानं. सर्च कन्सोलचे दोन्ही श्रावणांचे आकडे मात्र मला पाठवा, ते बघून पुढचं बोलू.

तुमची,
सल्लागार ताई